हिवरटाकळीचे कायमचे अनुमोदक

सुपारी फोडायचा कार्यक्रम होता. मुलाचा चुलता घसा खाकरून म्हणाला, "आमाला पोरगी पसंत हाय." मुलीकडचे अजून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, तेवढ्यात मागं घोंगडीवर बसलेल्या एका माणसानं हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "अनुमोदन!" तो ना मुलाकडचा होता, ना मुलीकडचा. रस्त्यानं चालला होता, चहाला हाक मारली म्हणून टेकला होता.

हे बब्रुवान विठोबा सलगर. पासष्टी उलटलेली, साठ-सत्तर मेंढरं, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. गाव त्यांना आबा म्हणतं. स्मशानात कुणी म्हणालं, "मानूस लई चांगला व्हता," की आबांचा हात वर जायचा. एकदा तर मयताच्या भावकीतच त्या मुद्द्यावर दुमत होतं, पण आबांचं अनुमोदन झाल्यामुळं विषय तिथंच मिटला.

ज्यांनी ग्रामसभा पाहिलेली नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगतो. एकानं ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्यानं म्हणायचं की माझा पाठिंबा आहे, तो अनुमोदक. मग मी खाली लिहिणार, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' मी म्हणजे वाशी तालुक्यातल्या या हिवरटाकळीचा ग्रामसेवक. सरकारनं अलीकडं आमच्या पदाला भारदस्त नाव दिलंय, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. सध्या माझ्यावर खात्याची चौकशी चालू आहे. ती का लागली ते ओघानं येईलच. आधीच डोळे पुसत बसायचा माझा स्वभाव नाही.

आबा अनुमोदक कसे झाले, ही गोष्ट ते स्वतः फार अभिमानानं सांगत. तीसएक वर्षांपूर्वी त्यांची मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीत शिरली आणि गावच्या कोंडवाड्यात पडली. आबा सोडवायला आले, तर चावडीत ग्रामसभा भरलेली. तेव्हाचे सरपंच, म्हणजे आताच्या सरपंचांचे वडील, घरपट्टी वाढवायचा ठराव मांडून बसले होते आणि अनुमोदन द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांची नजर दारात उभ्या आबांवर गेली. "बब्र्या, अनुमोदन दे, मेंढरं घिऊन जा." आबांनी दिलं. मग त्या वेळच्या ग्रामसेवकानं ठराव मोठ्यानं वाचला, आणि त्यात सरपंच देशमुखाच्या नावाखाली धनगराचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट. आबा म्हणायचे, "आख्ख्या चावडीनं माझ्या बापाचं नाव ऐकलं, भाऊसाहेब." मेंढरांची खंडणी म्हणून आपल्याकडून काय घेतलं गेलं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यांनी ते हिशेबात धरलं नसेल.

तेव्हापासून गावात शौचालयं आली, हातपंप आले, मंदिरापुढं सभामंडप आला, त्याच सभामंडपाची दुरुस्ती दोनदा आली, आणि सगळ्याला अनुमोदक एकच.

मी आल्यावर ही परंपरा मोडली असती, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मी शहाणा माणूस. ग्रामसभेला ठरावीक माणसं लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. ती होत नाही. मग सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हा नियम ज्यानं केला त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं असं मला नोकरीभर वाटत आलं. तहकूब सभेला आम्ही तिघं असायचो. सरपंच अमरसिंह, मी आणि आबा. हिवरटाकळीची लोकशाही एका सतरंजीत मावत होती.

आणखी एक रीत होती. ती माझी एकट्याची नव्हती, तालुक्यात सगळीकडं होती, असं मी चौकशीतही सांगितलं. ठरावाच्या वहीत आधी सह्या घ्यायच्या आणि सह्यांच्या वर पाच-सहा ओळी कोऱ्या ठेवायच्या, ऐनवेळच्या विषयांसाठी. ही ऐनवेळ आमच्याकडं पंधरा-पंधरा दिवस लांबायची. आबा मात्र सही मनापासून करायचे. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात तेवढंच शिकले होते. जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढायचे आणि 'ब्रु' पाशी आले की पेन उचलून दम घ्यायचे. सही झाली की ठरलेला प्रश्न यायचा.

"नाव लिवलं का, भाऊसाहेब?"

"लिहिलं, आबा."

"नाव तेवडं वाचून दावा."

मी नाव तेवढं वाचून दाखवायचो. ते समाधानानं घोंगडी झटकून उठायचे. ठराव कशाचा होता हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

या सगळ्या कारभारावर एकाच माणसाचा आक्षेप होता, सारजाबाईंचा. आबांची मंडळी. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. मेंढरं खरं तर त्याच वळायच्या. आबा बऱ्याचदा गावकीत असायचे. एकदा पंचायतीच्या पायरीवर बसून मला म्हणाल्या, "आवं भाऊसाहेब, ह्या मानसानं गावातल्या चोरापोरास्नी अनुमोदन दिलं. म्या चाळीस वरसं बोलायले, पर माज्या एका शब्दाला कदी व्हय म्हनाला न्हाय. तुमच्या वहीत माजं नाव न्हाय म्हनून का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आता माळाकडं येतो. गावाच्या उगवतीला खडकाळ माळ आहे. कुसळी गवत, तरवड, चारदोन हिवराची झाडं, आणि उताराला पाझर तलाव. सातबाऱ्यावर तो माळ अमरसिंहाच्या चुलत्याचा, पण चराई पिढ्यान्‌पिढ्या गावाची. सलगरांची मेंढरं सकाळी माळावर आणि उन्हं चढली की तलावावर. दुसरा माळ जवळपास नाही. माळ गेला तर मेंढरं विकायची आणि आबा-सारजाबाईंनी म्हातारपणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं, इतका साधा मामला होता.

या माळावर एका कंपनीची नजर पडली. पुण्याकडच्या कारखान्यांतून निघणारी घाण, म्हणजे रंगाचा गाळ, रसायनांची राड, जळकं तेल, असलं सगळं गाड्या भरून आणायचं, काही भट्टीत जाळायचं आणि राहिलेलं खड्डा खणून पुरायचं, असा बेत. घातक कचरा हा शब्द कायद्याच्या कागदात होता. कंपनीच्या कागदात त्याला 'औद्योगिक अवशेष' म्हणत आणि खड्ड्याला 'सुरक्षित भूभरण'. एवढी चांगली नावं आमच्याकडं पोरांनासुद्धा ठेवत नाहीत.

कंपनीचा माणूस विरेश. उमरग्याकडचा, तीस-बत्तीसचा, गोड बोलणारा, बुटाला कायम पॉलिश. त्यानंच मला सांगितलं की अशा प्रकल्पाला परवानगी मिळण्याआधी आजूबाजूच्या लोकांची जनसुनावणी घ्यावी लागते. महिनाभर आधी जाहिरात द्यायची, अहवाल आणि त्याचा मराठी सारांश पंचायतीत ठेवायचा, लोकांचं म्हणणं ऐकायचं, सगळ्याचं चित्रीकरण करायचं आणि शेवटी काय लिहिलं ते तिथंच मराठीत वाचून दाखवायचं. मी जरा घाबरलो. मग तो म्हणाला, "सुनावणीला कोरम लागत नाही, भाऊसाहेब." तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

सगळं नियमानं झालं. जाहिरात एका इंग्रजी पेपरात आली आणि एका मराठी पेपरात, जो आमच्या गावात भज्यांखाली येतो. दवंडीसुद्धा दिली. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सगळं गाव वाशीला गेलेलं असताना. सारांश माझ्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं, कारण सरकारी कागद गहाळ होता कामा नये.

पण आबांची सून राजेश्वरी गावची आशाताई. बारावी झालेली, घरोघर फिरणारी, आणि नियम वाचायची वाईट खोड असलेली. ती सारांश मागायला आली. मी म्हणालो, साहेबांची परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी सारजाबाई आल्या आणि पंचायतीच्या पायरीवर बसल्या. नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्यांना ओलांडून जायला मलाच लाज वाटली आणि मी कागद देऊन टाकला. चाळीस पानांत लिहिलं होतं की प्रकल्पस्थळी चराई आढळत नाही. पाहणी मे महिन्यात, दुपारी एक वाजता, गाडीची काच वर करून झाली होती. त्या वेळी मेंढरं तलावाच्या अंगाला हिवराखाली रवंथ करत बसलेली असतात.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पंचायतीत तालीम झाली. अमरसिंह आबांना म्हणाला, "आबा, उद्या म्या प्रकल्पाचं सागत करनार. माजं झालं, सगळीकडं शांत झालं, की तुमी माइकवर अनुमोदन म्हनायचं. बस. मोठं साहेब येनारेत." विरेशनं फेट्याचं माप घेतलं. आबांनी एवढंच विचारलं, "माझं नाव साहेबाच्या वहीत येनार का?"

"येनार की. पार दिल्लीपोत्तर जाईल," अमरसिंह म्हणाला.

आबा त्या दिवशी उड्या मारायचे तेवढे बाकी होते. मी कपाटाजवळ उभा होतो. आबा, तुमचाच माळ चाललाय, एवढं वाक्य माझ्या तोंडात येऊन गेलं. पण निवृत्तीला सहा महिने राहिले होते, आणि असल्या एका वाक्यात पेन्शन अडकून बसते.

मांडव माळावरच घातला होता. झेंडूच्या माळांची कमान, कूलर, पाण्याच्या बाटल्या, मोठा पडदा. जिल्ह्याहून आलेले साहेब मध्यभागी, शेजारी लिहून घेणारा कारकून, आणि पुढच्या रांगेत गुलाबी फेट्यातले आबा, हातात माइक. राजेश्वरीनं घरोघर सांगितल्यामुळं शंभर-सव्वाशे माणसं जमली होती, हे विरेशला फारसं रुचलं नाही. त्यानं पडद्यावर प्रकल्प दाखवला. भोवती हिरवीगार झाडी आणि झाडीत ठिपक्यांची हरणं. आमच्या माळावर हरणं दिसतात अधूनमधून, पण ही कुठल्या तरी लांबच्या, पाऊसपाण्याच्या मुलखातली होती.

अमरसिंह भाषणाला उठणार, तेवढ्यात कमानीत गलका झाला. सारजाबाई मेंढरं घेऊन आल्या होत्या. मांडव बरोबर तलावाच्या वाटेवर घातलेला, मग मेंढरं जाणार कुठून? ती कमानीतून आत शिरली आणि झेंडूच्या माळा खायला लागली. साहेब उठून उभे राहिले. "ही कुणाची मेंढरं?"

"माजी," सारजाबाई म्हणाल्या. "तुमच्या कागदात न्हाईत ती."

चित्रीकरण करणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला. राजेश्वरी मागून ओरडली, "चालू ठेवा! सगळ्याचं चित्रीकरण करायचं, असा नियम हाय." साहेबांना नियम माहीत होता. कॅमेरा वर आला.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का?" साहेबांनी विचारलं, लवकर आटपावं या हिशेबानं.

सारजाबाईंनी नवऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला. "लिवलंय की तुमी खड्ड्यात दोन पदर पलास्टिक घालनार आन मग घान पुरनार. ह्या तळ्याला सरकारनं तीन बार दुरुस्ती केली. तरी गळतंय. साळंची टाकी नवी हाय, ती बी गळती. आमची घागर गळाया लागली तर आमी लाख लावतो. तुमच्या खड्ड्याला भोक पडलं तर लाख लावाया खाली कोन उतरनार? हे सायेब?" त्यांनी काठी विरेशकडं केली.

विरेश हसून म्हणाला, "आजी, खड्डा बंद झाल्यावरसुद्धा पुढं तीस वर्षं कंपनी देखरेख करणार आहे. पाण्याची तपासणी होणार."

"तीस?"

"तीस."

"मंग एकतिसाव्या वरसी मेंढरानं पानी कुठं प्यायाचं?"

विरेशनं कागद चाळले. साहेबांनी घड्याळ बघितलं. सारजाबाईंनी माइक परत आबांच्या हातात कोंबला. मांडवात कुणीच बोलेना. मेंढरांच्या तोंडातला झेंडू तेवढा ऐकू येत होता. ही शांतता आबा तीस वर्षं ओळखत होते. सूचक बोलून थांबला की अशीच शांतता पडते आणि मग सगळी सभा त्यांच्याकडं बघते. आबांचा हात वर गेला.

"अनुमोदन!"

कर्णा मोठा होता. आवाज तलावाच्या पलीकडून फिरून परत आला.

अमरसिंह दात खाऊन पुटपुटला, "आबा, अजून न्हाय!" मग साहेबांकडं वळून हसला. "सवय हाय, साहेब, त्यास्नी. चुकून बोलले. लिवू नका."

साहेबांनी आबांना विचारलं, "तुमचा पाठिंबा नेमका कशाला?"

आबांनी बायकोकडं बघितलं. मी दहा वर्षं त्यांना सह्या करताना पाहिलंय, पण 'ब्रु' पाशीसुद्धा त्यांना एवढा वेळ लागला नव्हता. मग म्हणाले, "ही काय बोलली, ते पुन्यांदा सांगा म्हनावं." सारजाबाईंनी पुन्हा सांगितलं, खड्डा, पलास्टिक, एकतिसावं वर्ष, सगळं. ठराव काय आहे ते आबांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकून घेतलं. "हां," ते म्हणाले. "त्यालाच." आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

पुढं अमरसिंहानं स्वागताचं भाषण केलंच. अनुमोदनाची वेळ आली तेव्हा कुणी बोलेना, शेवटी विरेशनंच टाळ्या वाजवल्या. मग कारकुनानं इतिवृत्त वाचलं. "उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले. एका स्थानिक महिलेने पाण्याबाबत शंका विचारली. कंपनीने तिचे निरसन केले."

आबा उठले. ते सभेच्या शेवटी नेहमी एकाच गोष्टीसाठी कान टवकारून बसायचे. "माझं नाव आलं न्हाय."

"बाबा, यात नावं नसतात," कारकून म्हणाला.

"तीस वरसं असतंय. सूचक सारजाबाई बब्रुवान सलगर, अनुमोदक बब्रुवान विठोबा सलगर. लिवा."

"सुनावणीत सूचक-अनुमोदक नसतो हो."

"मंग म्या काय केलं? कॅमेऱ्यात बगा."

साहेबांच्या जेवणाची वेळ टळत होती. मेंढरं आता पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांपर्यंत आली होती. शेवटी दोघांचीही नावं आणि हरकत लिहिली गेली, आणि कारकुनानं ती वाचली. सारजाबाईंचं नाव कर्ण्यातून पहिल्यांदाच माळावर ऐकू आलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच एका मेंढराला विनाकारण शिवी दिली. मला त्या क्षणी आबांचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती शाळेच्या गॅदरिंगला सांगितली असती. पण २०२३ च्या फेब्रुवारीत लोकांच्या हरकतींवर कंपनीनं दिलेली उत्तरं पंचायतीत आली. राजेश्वरीनं पायरीवर उभं राहून ती वाचली. सारजाबाईंच्या हरकतीपुढं लिहिलं होतं, 'नोंद घेतली.' आबांच्या हरकतीपुढं मात्र चार ओळी होत्या. 'सदर गृहस्थांनी २६ जानेवारी २०२२ च्या ग्रामसभेत याच प्रकल्पाच्या ना-हरकत ठरावास स्वतः अनुमोदन दिले असून त्यांची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे. सबब त्यांची व गावाची हरकत गैरसमजातून असावी.'

प्रतीवर आबांची सही होती. अक्षर न्‌ अक्षर खरी.

गाव काय बोललं ते लिहायची गरज नाही. ज्यांनी कधी ग्रामसभेचं तोंड पाहिलं नव्हतं, ते सगळ्यात मोठ्यानं बोलले. माळ सलगरानंच विकला, असं पारावर ठरलं, आणि तेही सर्वानुमते. सारजाबाई चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. आबा पारावरून जाताना कुणीतरी मागून "अनुमोदन!" असं ओरडायचं. आबा मान खाली घालून चालायचे.

पाचव्या दिवशी दुपारी ते पंचायतीत आले. मी एकटाच होतो. त्यांनी काठी दाराला टेकवली आणि ती प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, त्या सभेत ह्यो इषय झाला व्हता का?"

"आबा, ते ऐनवेळच्या विषयांत असतं... नियमानं..."

"म्या इचारतोय, झाला व्हता का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. झेंडावंदन झालं होतं, सभा तहकूब झाली होती, सतरंजीवर आम्ही तिघं होतो. आबांनी सही केली, मी नाव तेवढं वाचून दाखवलं. आठ दिवसांनी अमरसिंह चिठ्ठी घेऊन आला आणि सह्यांच्या वरच्या कोऱ्या ओळींत मी माझ्या सुवाच्य अक्षरात तो ठराव उतरवला. बक्षीस म्हणून मला अक्षराची तारीफ मिळाली. सांगायची लाज वाटते, पण मी तेवढ्यावर खूश झालो होतो.

"नव्हता झाला," मी म्हणालो.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसले. "मंग तसं लिवून द्या. तुमी सूचक व्हा. म्या अनुमोदक हायच."

"आबा, माझी नोकरी तीन महिने राहिली. चौकशी लागेल."

"लागंल," आबा म्हणाले. नेहमीसारखे, मान डोलावून. माझ्या त्याही वाक्याला त्यांनी अनुमोदन दिलं आणि बसून राहिले. पाच-दहा मिनिटं गेली असतील. त्यांना ओलांडून जाण्याची सोय नव्हती, टेबल दाराला लागून होतं.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. अमुक तारखेच्या ग्रामसभेत सदर विषय चर्चेला आला नव्हता, श्री. सलगर यांची सही आधीच घेतलेली होती, त्या सहीच्या वर ठराव नंतर लिहिला गेला, वगैरे. खाली माझी सही केली. मग सवयीनं कागद फिरवून त्यांच्यापुढं सरकवला आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. आबांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि थांबले.

"लिवलं का, भाऊसाहेब?"

"लिहिलं, आबा. हे बघा तुमचं नाव. बब्रुवान विठोबा..."

"नाव ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "सगळं वाचा."

मी सगळं वाचलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. अनुमोदनाचा हात नव्हता तो.

"ते काय म्हनलाव? पुन्यांदा वाचा."

"'सदर ठराव माझ्याकडून नजरचुकीने लिहिला गेला.'"

"त्येचा अर्थ काय?"

"म्हणजे... लक्ष नव्हतं. चुकून झालं."

आबांनी डोळे उघडले. "म्या चुकून अनुमोदन दिलं, असं अमरसिंहदादा मांडवात म्हनला. ते म्या मान्य केलं न्हाय. आन तुमी तर शिकल्यालं हाव." त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं. "तेवडं खोडा. खरं लिवा. मंग सई करतो."

मी 'नजरचुकीने' खोडलं आणि वर 'जाणूनबुजून' लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं अक्षर एवढं वाईट कधी आलं नव्हतं. ते मी वाचून दाखवलं. आबांनी जीभ दाताखाली धरली आणि सही करायला सुरुवात केली. 'ब्रु' पाशी त्यांनी पेन उचललं नाही.